गाव शहर झाले, ग्रामसभा गेली

माळशिरस तालुक्यात आज चार ठिकाणे कायद्याने शहरे आहेत. अकलूजला नगरपरिषद आहे. माळशिरस, नातेपुते आणि महाळुंग-श्रीपूर इथे नगरपंचायती आहेत. पंधरा वर्षांपूर्वी या सगळ्या ठिकाणी ग्रामपंचायत होती. सरपंच होता, ग्रामविकास अधिकारी होता आणि वर्षातून ठरलेल्या तारखांना भरणारी ग्रामसभा होती. पुढे सरपंचाच्या जागी नगराध्यक्ष आला, ग्रामविकास अधिकाऱ्याच्या जागी मुख्याधिकारी आला, सदस्याचा नगरसेवक झाला. ग्रामसभेच्या जागी मात्र काहीच आले नाही. या तालुक्याचा रहिवासी म्हणून माझी मुख्य तक्रार हीच आहे. रस्ते, गटारे, पाणी, दिवाबत्ती, स्वच्छतागृहे यांबद्दल आपण रोज जे बोलतो, त्यातले बरेचसे फिरून याच रिकाम्या जागेपाशी येते.

हे झाले कसे, ते आधी पाहू. १९९३ साली दोन घटनादुरुस्त्या अमलात आल्या. ७३व्या दुरुस्तीने खेड्यांच्या पंचायतराजला घटनेचा आधार दिला आणि त्यात ग्रामसभेलाही स्थान मिळाले. ७४वी दुरुस्ती शहरांसाठी होती. तिने प्रभाग समित्यांची सक्ती केली, पण ती फक्त तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना. सोलापूर जिल्ह्यात ही अट एकट्या सोलापूर महापालिकेला लागू होते. बार्शी, पंढरपूरसारखी जुनी आणि गजबजलेली गावेही त्या रेषेच्या खाली राहतात. मग माळशिरस, नातेपुत्याचे काय बोलायचे? आणि प्रभाग समितीत बसतात ते मुख्यतः नगरसेवकच. मतदाराला हक्काने उभे राहून विचारता येईल अशी सभा ७४व्या दुरुस्तीने सक्तीची केलीच नाही.

राज्य सरकारने २०१४ मध्ये तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे धोरण घेतले. माळशिरस त्या ओघात शहर झाले. अकलूज आणि नातेपुत्याची गोष्ट वेगळी आहे. तिथल्या लोकांनी २०२१ मध्ये अनेक आठवडे साखळी उपोषण करून हा दर्जा मागून घेतला. मागणी रास्त होती. अकलूजसारखे बाजारपेठेचे, शिक्षणसंस्थांचे, दवाखान्यांचे गाव ग्रामपंचायतीच्या निधीत आणि ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांत चालवणे अवघडच होते. शहर झाले की राज्याच्या नगरोत्थान योजनेचा पैसा येतो, वैशिष्ट्यपूर्ण योजनेतून कामे मिळतात, स्वतंत्र अभियंता मिळतो, विकास आराखडा होतो, असे तेव्हा सांगितले जात होते आणि ते खरेही होते. आपल्या हातून काय जाणार आहे, याची चर्चा उपोषणाच्या मंडपात किंवा त्याबाहेर माझ्या कानावर आली नाही.

ग्रामसभेला मी देव्हाऱ्यात बसवत नाही. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते, आणि तीही अनेक गावांत भरत नाही. मग सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि ठराव लिहून मोकळे होतात. घरोघर वही फिरवून सह्या घेतल्या जातात. सभा भरलीच तर घरकुलाच्या यादीवरून आणि अतिक्रमणावरून भांडणे होतात. बायका मागे बसतात, बोलायला उठणाऱ्या थोड्याच. हे सगळे मान्य. तरीही १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे जमाखर्च ठेवावा लागतो, कामांचा अहवाल ठेवावा लागतो, लेखापरीक्षणातले आक्षेप आणि त्यांची उत्तरे ठेवावी लागतात. एखादा अण्णा किंवा एखादी मावशी उठून ‘ह्या बोअरचं पैसं कुठनं आलं, आन् किती गेलं?’ असे विचारू शकते, आणि समोरच्याला सगळ्यांदेखत काहीतरी बोलावे लागते. उत्तर खोटे असले तर शेजारी बसलेला ते खोडतो. हा धाक फार मोठा होता. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा जवळ आल्या की ग्रामपंचायतीत कागद जुळवायची धावपळ सुरू व्हायची, ती या धाकापोटीच.

आता नगरपंचायतीत काय उरले? १९६५ च्या नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमात सर्वसाधारण सभेची तरतूद आहे, आणि ती सभा लोकांना पाहायला खुली असते. म्हणजे तुम्ही मागे बसून ऐकू शकता. बोलता येत नाही, विचारता येत नाही. सभेची विषयपत्रिका गावात कुठे लावलेली दिसत नसेल आणि सभेची तारीखच कोणाला कळत नसेल, तर ऐकायला तरी कोण जाणार? मी ओळखीच्या शिक्षकांना, व्यापाऱ्यांना, महाविद्यालयातल्या पोरांना विचारत असतो : तुमच्या शहराची सभा तुम्ही कधी पाहिलीत का? सभा पाहता येते हेच बहुतेकांना माहीत नसते.

या तालुक्याला हिशेब विचारायची सवय नाही, असे कोणी म्हणेल तर ते मला मान्य नाही. उलट महाराष्ट्रात हिशेबावर तोंड उघडणारा तालुका शोधायचा तर आमच्याकडे बोट दाखवता येईल. माळीनगरचा साखर कारखाना १९३०च्या दशकात सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी भांडवल गोळा करून उभा केला. कारखान्याच्या ताळेबंदाकडे मालक म्हणून पाहणारे शेतकरी तेव्हापासून इथे आहेत. त्यानंतर सहकाराच्या लाटेत शंकरराव मोहिते-पाटलांच्या पुढाकाराने अकलूजला कारखाना झाला, सदाशिवनगरला झाला. सहकारी कारखान्याची वार्षिक सभा सप्टेंबरअखेर घ्यावीच लागते. सभेआधी अहवालाचे पुस्तक सभासदाच्या घरी येते. त्यात नफा-तोटा पत्रक असते, कर्ज किती ते असते, लेखापरीक्षकाचे शेरे असतात. चौथी शिकलेला म्हातारा सभासद चष्मा लावून साखर उताऱ्याचा आकडा आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च वाचतो, पारावर त्यावर बोलतो, सभेत माईक मागतो. सभेत गोंधळ होतो, राजकारण होते, विषय ‘मंजूर, मंजूर’ म्हणून उरकलेही जातात. पण पुस्तक घरात येते. त्याच माणसाच्या शहराचे अंदाजपत्रक त्याच्या घरी येत नाही. तो शहराचा मालक नाही का? घरपट्टी तो भरतो, पाणीपट्टी तो भरतो.

पाण्याचेही तसेच. नीरा उजव्या कालव्यावर या तालुक्याचे बागायत उभे आहे. आवर्तन कधी सुटणार, पाळी किती दिवसांची, टेलपर्यंत पाणी पोचले का, हे इथला शेतकरी तोंडपाठ सांगतो. २०१९ मध्ये नीरेच्या पाण्याचे डाव्या आणि उजव्या कालव्यांतले वाटप चर्चेत आले तेव्हा टीएमसीचे आकडे चहाच्या टपरीवर बोलले जात होते. पश्चिमेकडची आणि दक्षिणेकडची कोरडवाहू गावे नीरा-देवघरच्या पाण्यासाठी किती वर्षे भांडत आहेत, तेही सर्वांना ठाऊक आहे. आणि डिसेंबर २०२४ मध्ये याच तालुक्यातल्या मारकडवाडीने विधानसभेच्या मतमोजणीवर शंका घेऊन स्वतःहून मतपत्रिकेवर मतदान घ्यायचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लावून ते थांबवले, देशभर चर्चा झाली. त्या गावाचे बरोबर की चूक, हा वाद इथे मला घालायचा नाही. एवढेच म्हणायचे आहे की आमची माणसे प्रश्न विचारायला घाबरत नाहीत. शहराच्या कारभाराबद्दल ती गप्प असतील, तर विचारायला जागाच ठेवलेली नाही, हे त्याचे कारण आहे.

सुविधांकडे येऊ. ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर हे तिचे मुक्काम. सदाशिवनगरजवळ आणि खुडूसला रिंगण. तुकोबांची पालखी सराटीहून नीरा ओलांडून अकलूजला येते, तिथे गोल रिंगण होते, माळीनगरला उभे रिंगण होते. म्हणजे आषाढात काही दिवस या तालुक्यातल्या वाटेवरच्या प्रत्येक मोठ्या गावाला आपल्या लोकसंख्येच्या कितीतरी पट माणसांची सोय करावी लागते. आणि ती होते. विहिरींत औषध पडते, टँकर उभे राहतात, फिरती शौचालये येतात, खांबावरचे बंद दिवे लागतात, खड्डे बुजतात, रात्रीतून कचरा उचलला जातो, आरोग्य पथके चोवीस तास जागी असतात. हे करणाऱ्या सफाई कामगारांना, वायरमनना, आशाताईंना मी मनापासून हात जोडतो. पण मग एक सरळ प्रश्न उरतो. वारकऱ्याला एका रात्रीसाठी जे मिळू शकते, ते इथल्या बाईला बाजाराच्या दिवशी का मिळत नाही? खेड्यातून भाजीची पाटी घेऊन पहाटे निघालेली बाई संध्याकाळपर्यंत बाजारात बसते. तिच्यासाठी पाणी असलेले, कडी लागणारे, दिवा असलेले स्वच्छतागृह बाजारापासून किती अंतरावर आहे? त्याला कुलूप असते की ते उघडे असते? किल्ली कोणाकडे असते? कोणत्याही तालुक्याच्या गावात सुविधांचा आढावा घ्यायचा तर मी पहिल्यांदा हे विचारीन. दिवसभर पाणी न पिणारी बाई हा आपल्या बाजारपेठांचा न लिहिलेला खर्च आहे, आणि तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही.

छोट्या शहरांत पैसा कशावर खर्च होतो, यालाही एक वळण पडले आहे. चौकात हायमास्ट, गल्लीत पेव्हिंग ब्लॉक, मोकळ्या जागेत ओपन जिम, वेशीवर कमान. ही कामे डोळ्यांत भरतात, लवकर उरकतात, त्यांचे उद्घाटन होते आणि फलक लागतो. जमिनीखालची गटारवाहिनी, पाण्याच्या टाकीची गळती, जुन्या वाहिनीत मिसळणारे सांडपाणी, कचरा डेपोवरचे वर्गीकरण यांचे उद्घाटन होत नाही. घनकचरा व्यवस्थापनाच्या २०१६ च्या नियमांनी ओला-सुका कचरा वेगळा करणे घराघराला आणि संस्थेलाही बंधनकारक केले. आपण घरी वेगळा करतो, आणि घंटागाडीत तो पुन्हा एकत्र पडताना पाहतो, असा अनुभव मला अनेक शहरांतल्या लोकांनी सांगितला आहे. एकदा असे पाहिले की माणूस वेगळा करणेच सोडून देतो. १९६५ च्या कायद्याने पाणी, दिवाबत्ती, सफाई, स्मशानभूमी ही नगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये ठरवली आहेत; बागा, वाचनालये ही ऐच्छिक. बंधनकारक कर्तव्य अर्धवट असताना सुशोभनावर पैसा का गेला, हा प्रश्न विचारायला कायद्याचाच आधार आहे.

मात्र हा प्रश्न घेऊन गेलात की एक उत्तर हमखास मिळते : ‘दादा, ते काम आमच्याकडं न्हाई.’ आणि अर्ध्या वेळा ते खरेही असते. मोठा रस्ता पालखी महामार्ग, ९६५ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, तो केंद्राचा. त्याच्या कडेचे गटार कोणाचे, यावर कागद फिरत राहतात. बसस्थानक एसटी महामंडळाचे. विजेचे खांब महावितरणचे, त्यावरचे दिवे शहराचे, आणि वीजबिल थकले की दोघांचे भांडण. पाणी योजनेचे बांधकाम जीवन प्राधिकरणाकडे असू शकते, पाण्याचा कोटा जलसंपदाकडे, वितरण शहराकडे. आमदार, खासदार निधीतली कामे बऱ्याचदा सार्वजनिक बांधकाम विभाग करतो. यातल्या प्रत्येकाचे आपापले कार्यालय आहे, पण नागरिक एकच आहे आणि त्याच्या दारातला खड्डाही एकच आहे. मला वाटते, पारदर्शक कारभाराची पहिली पायरी एका साध्या तक्त्याची असावी. शहराच्या हद्दीतला प्रत्येक रस्ता, प्रत्येक गटार, प्रत्येक टाकी, प्रत्येक स्वच्छतागृह, आणि त्यापुढे : मालकी कोणाची, दुरुस्ती कोणाकडे, तक्रार कोणाला. असा तक्ता करायला निधी लागत नाही, मंत्रालयाची मंजुरी लागत नाही. एका भिंतीवर रंगवता येईल.

या तक्त्यानंतर कामांच्या कागदांकडे वळता येते, आणि इथे थोडे थांबायला हवे. कारण ‘भ्रष्टाचार, भ्रष्टाचार’ असे मोघम ओरडण्यात आपली बरीच शक्ती जाते. टक्केवारीच्या गप्पा पानटपरीवर सगळेच मारतात. कागद कोणी मागत नाही. कोणत्याही सार्वजनिक कामामागे ठरलेले कागद असतात. आधी अंदाजपत्रक, ज्याला सगळे एस्टिमेट म्हणतात. मग प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता. मग निविदा आणि कार्यारंभ आदेश. आणि सर्वांत महत्त्वाची ती मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी. खडीचा थर किती इंच, काँक्रीट किती घनमीटर, गटाराची लांबी किती मीटर, हे अभियंत्याने जागेवर मोजून त्यात लिहायचे असते, आणि बिल त्यावरच निघते. एमबीची प्रत हातात घेऊन आणि मापाची टेप घेऊन रस्त्यावर उभे राहिलेले चार जण लांबच लांब भाषणापेक्षा जास्त काम करतात. एस्टिमेटमध्ये सहा मीटर रुंदी आहे आणि रस्ता साडेचार भरतो, तर पुढे वाद घालायला काही उरत नाही. कामानंतर ठेकेदाराने ठरावीक काळ दुरुस्ती आपल्या खर्चाने करायची असते; तो दोषदायित्व कालावधी किती आहे, हे माहीत असेल तर पहिल्या पावसात उखडलेल्या रस्त्याला पुन्हा शहराच्या पैशातून डांबर लागणार नाही. ई-निविदेची मर्यादा टाळायला एकाच कामाचे तुकडे पाडले जातात, ही राज्यभर होणारी तक्रार आहे. एकाच गल्लीच्या नावाने लागोपाठ निघालेले छोटे कार्यारंभ आदेश एकत्र ठेवले की ती खरी की खोटी ते कळते.

हे कागद मागायचा हक्क २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने दिला आहे, आणि त्याची मुळे महाराष्ट्रात आणि राजस्थानात सारखीच खोल आहेत. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ मध्ये जनसुनवाई सुरू केल्या. गावच्या कामांची बिले आणि हजेरीपत्रके गावासमोर मोठ्याने वाचायची, आणि ज्याच्या नावावर मजुरी काढली त्याला उभे करून विचारायचे, अशी ती पद्धत. महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर केंद्राच्या आधीच आपला कायदा आणला. दहा रुपयांचा अर्ज, प्रतीचे पानाला दोन रुपये, तीस दिवसांत उत्तर. एक गोष्ट फारच थोड्यांना माहीत आहे : या हक्कात कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही येतो. वाळू आणि सिमेंटच्या प्रमाणाबद्दल शंका असेल, तर नमुना मागता येतो. कागदपत्रे नुसती पाहायचीही असू शकतात. राज्य शासनाने २६ नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख पाहू देण्याची सोय करायला सांगितले. ही पद्धत पुणे महापालिकेत आधीपासून होती, तीच राज्यभर न्यायची होती.

व्यवहारात काय होते, ते मी तालुक्यातल्या एका कार्यालयात पाहिले आहे. सोमवारी दुपारी गेल्यावर ‘असं काही परिपत्रक आमच्याकडं आलेलं नाही’ असे मला सांगण्यात आले. परिपत्रकाची प्रत दाखवल्यावर संबंधित लिपिक रजेवर असल्याचे कळले. लेखी अर्ज दिला तर ‘माहिती विस्तृत स्वरूपाची आहे’ असे उत्तर आले. पहिल्या अपिलात अधिकारी सौजन्याने बोलले, माहिती द्यायचा आदेशही दिला, आणि आदेशानंतर मिळालेल्या पानांत मागितलेली एमबी नव्हतीच. दुसरे अपील राज्य माहिती आयोगाच्या पुण्याच्या खंडपीठाकडे जाते आणि तिथली रांग मोठी असते. निकाल लागेपर्यंत रस्ता दोनदा खोदून झालेला असतो. कायद्यात दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५ हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो दंड क्वचित होतो. आता तर वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकाराच्या कलम ८ मधली खासगी माहितीची सूट आणखी रुंद केली आहे. घरकुलाच्या लाभार्थ्यांची यादीसुद्धा उद्या ‘वैयक्तिक’ म्हणून झाकली जाऊ शकते, अशी माझी साधार भीती आहे. आणि माहिती अधिकाराचे हे शस्त्र खंडणीसाठी वापरणारेही आपल्यात आहेत, ही गोष्टही झाकून ठेवू नये. त्यांच्यामुळे खरा अर्जदार अधिकाऱ्याच्या नजरेत संशयित ठरतो, आणि त्याला गप्प बसवायला एक तयार कारण मिळते.

खरे तर अर्ज करायची वेळच येऊ नये, अशी कायद्याची रचना आहे. कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने १७ बाबी आपणहून जाहीर करायच्या आहेत : अंदाजपत्रक, खर्च, सवलती मिळालेल्यांचा तपशील, निर्णयाची पद्धत, अधिकाऱ्यांची जबाबदारी. पंधराव्या वित्त आयोगानेही २०२१ ते २०२६ या काळात शहरांना अनुदान देताना लेखे लोकांसमोर ऑनलाइन ठेवण्याची अट घातली, आणि लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवला. म्हणजे त्या पैशाचा हिशेब मागणे सोपे आहे : इतके आले, त्यातले साठ टक्के नळ, गटार आणि कचऱ्यावर गेले का? लोकसेवा हक्काचा २०१५ चा कायदाही आहे. जन्म-मृत्यूचा दाखला, मालमत्ता कराचा उतारा, नळजोडणी यांना मुदत घातलेली आहे, आणि मुदत चुकली तर अपील व दंड. हा कायदा त्यातल्या त्यात बरा चालतो, कारण त्यात अर्जाची पोच मिळते आणि दिवस मोजता येतात.

मधल्या काळात आणखी एक पोकळी पडली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन वाद लांबला आणि राज्यभर स्थानिक संस्थांवर प्रशासक बसले. माळशिरस, नातेपुते, महाळुंग-श्रीपूरच्या निवडणुका डिसेंबर २०२१ आणि जानेवारी २०२२ अशा दोन टप्प्यांत झाल्या आणि १९ जानेवारी २०२२ ला निकाल लागला. अकलूजची नगरपरिषद मात्र २०२१ मध्ये जाहीर होऊनही पहिल्या निवडणुकीसाठी डिसेंबर २०२५ उजाडला. इतकी वर्षे एवढ्या मोठ्या गावात ग्रामसभा नाही आणि नगरसेवकही नाही. प्रशासक प्रामाणिक असेल, कार्यक्षम असेल. पण त्याला कोणाच्या दारात मत मागायला जायचे नसते. उपोषण करून शहर मिळवलेल्या लोकांवर ही वेळ यावी, याचे मला फार वाईट वाटते.

महाराष्ट्रातल्या आदर्श गावांची यादी आठवून पाहा. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार, पाटोदा, गडचिरोलीतले मेंढा-लेखा. हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडतात आणि त्यावर पुढची पिके ठरतात. पाटोद्यात कर वेळेवर भरणाऱ्याला दळण मोफत मिळू लागले. ही सारी खेडी आहेत. तालुक्याच्या ठिकाणचे, पंधरा-वीस हजार वस्तीचे एकही शहर त्या यादीत चटकन आठवत नाही. याचे एक कारण नेतृत्वात असेल, एक पैशात असेल. माझ्या मते मोठे कारण हे की त्या प्रत्येक गावाचा कारभार ग्रामसभेत सर्वांसमोर ठरला, आणि लहान शहरांकडे अशी जागाच नाही.

दुसरीकडे अशी जागा आहे. केरळच्या १९९४ च्या नगरपालिका कायद्यात एक लाखापर्यंतच्या शहरांत प्रत्येक प्रभागाची सभा धरलेली आहे. १९९६ च्या लोकनियोजन मोहिमेत तिथल्या लोकांनी कामांची प्राथमिकता अशा सभांत ठरवली. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून अंदाजपत्रकातला काही भाग वस्त्यांच्या सभांत ठरवायला सुरुवात केली. पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या भागातली छोटी कामे अंदाजपत्रकासाठी सुचवू शकतात. महाराष्ट्रानेही २००९ मध्ये, केंद्राच्या शहरविकास योजनेची अट म्हणून, क्षेत्रसभेची तरतूद कायद्यात आणली. कागदावरून ती जमिनीवर उतरली नाही. क्षेत्रसभा भरली आणि आपण तिला गेलो होतो, असे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

नगरपंचायतीत अशी सभा घेणे सर्वांत सोपे आहे. कायद्यातल्या मूळ व्याख्येप्रमाणे नगरपंचायतीची लोकसंख्या दहा ते पंचवीस हजार, आणि नगरसेवक सतरा. म्हणजे एका प्रभागात सहाशे ते दीड हजार माणसे. त्यातले मतदार एखाद्या शाळेच्या पटांगणात मावतात. नगरसेवकाला प्रत्येक घर नावाने माहीत असते. अशा प्रभागाची सभा घ्यायला कोणाची हरकत असू शकते? कायद्यात त्याला बंदी नाही. सर्वसाधारण सभेने ठराव करून ग्रामसभेच्याच जुन्या तारखांना प्रभागसभा ठेवाव्यात, आणि त्यांतली एक सभा अंदाजपत्रकाआधी यावी. त्या सभेत मागच्या वर्षी प्रभागात कोणती कामे झाली, किती खर्च झाला, ठेकेदार कोण, दोषदायित्व कधीपर्यंत, हे एका पानावर छापून वाटावे. कारखान्याचे अहवाल घरोघर पोचतात त्या तालुक्यात एक पान पोचवणे अशक्य नाही. बायकांची सभा आदल्या दिवशी वेगळी घ्यावी, ग्रामसभेच्या वेळी घ्यायचे तशी. विकास आराखड्याचा नकाशा कार्यालयाच्या कपाटात न ठेवता चौकात लावावा, कारण त्यावरच्या हरकतींची मुदत संपल्यावर आरक्षण कोणाच्या जमिनीवर पडले आणि कोणाच्या जमिनीवरून उठले, हे कळून उपयोग नसतो.

नागरिकांकडूनही काही व्हायला हवे, आणि ते एकट्याने करू नये. एकटा अर्जदार ‘त्रास देणारा’ ठरतो, त्याच्या दुकानावर आणि घरावर दबाव येतो. प्रत्येक प्रभागातल्या पाच-सात जणांनी, त्यांत निदान दोन बायका असाव्यात, सोमवारी दुपारी मिळून जावे. आधी एकच काम निवडावे, शक्यतो आपल्याच गल्लीतले. त्याचे एस्टिमेट आणि एमबी पाहावी, टेप लावावी, जे सापडेल ते लिहून मुख्याधिकाऱ्यांना द्यावे आणि पोच घ्यावी. काम चोख निघाले तर तेही लेखी कळवावे. चांगले काम करणाऱ्या अभियंत्याला आपल्याकडे कोणीच कळवत नाही. पक्ष, गट, भावकी बाजूला ठेवून हे होईल का, असे मला विचारले जाते. पालखीच्या मुक्कामाला अन्नदान करताना हेच लोक गट विसरून एका पंगतीत वाढतात, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

आणि आमदारांकडे एक मागणी आहे, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत. १९६५ च्या कायद्यात तीन लाखांखालच्या प्रत्येक शहरासाठी प्रभागसभा सक्तीची करावी. तिच्यापुढे जमाखर्च, लेखापरीक्षण आणि कामांची यादी ठेवणे ग्रामपंचायतीइतकेच बंधनकारक करावे. आणि प्रशासकाच्या काळात त्या सभा घेण्याची जबाबदारी त्या प्रशासकाच्या नावावर टाकावी. गावाला शहर करणारी अधिसूचना निघते त्याच दिवसापासून हे लागू असावे, म्हणजे उद्या वेळापूर किंवा पिलीव शहर झाले तर तिथल्या लोकांच्या हातची सभा एक दिवसही जाणार नाही.